त्राटिकेचा रंग

“कशी झाली मग? वळखली का?”

बाने लुगड्याची शेवटची गाठ सोडली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. टेबलावर आमच्या त्राटिकेचा मुखवटा. लालभडक तोंड, पिवळे सुळे, हिरव्यागार भुवया, कपाळावर सोनेरी पट्टा आणि सगळ्यावरून व्हार्निशचा हात. गंगापूर रोडवरच्या त्या थंडगार ऑफिसातले सगळे दिवे तिच्या गालांवर लखलखत होते.

सृष्टी मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “ही तीच आहे?”

“तीच तर! दुसरी कुठली?” बा खूश. ओळखू येत नाही म्हणजे काम फक्कड झालं, असं त्याला वाटलं. “आतनं पण रंगवली. उलटी करून बघा ना. तोंड घालायच्या जागी निस्तं काळंमिट्ट झालं व्हतं, सगळं घासून काढलं. आधी काचपेपर मारला, मंग प्रायमर, मंग रंग. रविवार कारंजावरून आनला, भारीतला. उगं उरकायचं म्हनून नाय केलं काय.”

मॅडमनी मुखवटा उलटा केला. आतूनही लाल. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पल्लवी, बाची मुलगी. पंचवटीत एका मेडिकल दुकानात काउंटरला असते, त्यामुळे माणसांची तोंडं वाचायची मला सवय आहे. औषधाची किंमत ऐकल्यावर गिऱ्हाइकाचं जे तोंड होतं ना, तसं मॅडमचं झालं होतं. बा आपला हसतोच आहे.

आता आमचा बा कोण, ते सांगायला हवं. देवराम त्याचं नाव. पेठच्या पुढे घाट उतरला की डोंगराच्या पायथ्याला आमचा पाडा आहे. पावसाळ्यात भात-नागली, आणि दिवाळी झाली की दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांवर मजुरी. गावात त्याला कुणी फार विचारतं असंही नाही. बैठकीत मागे बसणार, कुणी काही म्हटलं की मान हलवणार, आणि घरी आल्यावर आईला सांगणार की मी असं बोलनार व्हतो. पण वैशाखातली एक पहाट त्याची असते. आमच्याकडे बोहाडा होतो. लाकडाचे मुखवटे चढवून गणपती, मारुती, खंडेराव अशी एकेक सोंगं संबळाच्या तालावर चौकात येतात. ज्या घरात जे सोंग, ते त्या घरानेच नाचवायचं. आमच्या घरात त्राटिका. सगळ्यात शेवटी, उजाडता उजाडता तिची पाळी. ती आली की पोरं किंचाळत आयांच्या मागे लपतात आणि म्हाताऱ्या बाया पुढे होऊन तिच्या पाया पडतात. राक्षसीण असली म्हणून काय झालं, आमची आहे ना!

त्या पहाटेला आमचा बा कुणी वेगळाच असतो. एरवी उंबरठ्याला ठेचाळणारा माणूस, पण तो मुखवटा चढवला की असा काही गिरक्या घेतो की बघत राहावं. लहानपणी मला वाटायचं, बाकीचं वर्ष बा कुणाची तरी नक्कल करतो आणि खरा बा तो पहाटेचाच.

मुखवटा पणजोबांनी कोरलेला, उंबराच्या लाकडाचा. बाकीच्या घरांनी आपापली सोंगं दर दोन-चार वर्षांनी ऑइल पेंटने रंगवून घेतली. आमचंच राहिलं. कधी पैसे नव्हते, कधी होते ते दवाखान्यात गेले. आजोबांनी गेरू, काजळी आणि हळद लावून रंगवली होती तेवढीच. पुढे रंग उडाला, मशालींचा धूर बसला, आत कपाळ टेकायच्या जागी घामाने लाकूड काळं पडलं. बाला त्याची भारी लाज. बोहाड्याआधी सगळी सोंगं ओळीने मांडतात, तेव्हा आमची तो कडेला ठेवायचा, तीही भिंतीकडे तोंड करून. “पुढच्या साली रंगवूच,” असं दर साली म्हणायचा.

त्या सालच्या वैशाखात सृष्टी मॅडम बोहाडा बघायला आल्या. नाशिकला कुणा मोठ्या माणसाने जुन्या वस्तू जमवल्या आहेत, त्याचं काम त्या बघतात. चकचकीत गणपती, झगझगीत खंडेराव सोडून बाई आमच्या कळकट त्राटिकेपुढे बसून राहिल्या. हात लावू का, म्हणून तीन-तीनदा विचारलं. बायका आपसांत कुजबुजायला लागल्या, हिला काही लागलं-बिगलं की काय! दुपारी आमच्या घरी येऊन त्यांनी मुखवट्याचे दीड लाख सांगितले.

बाला आधी चेष्टाच वाटली. मग कळल्यावर त्याने सरळ हात जोडले. “आमचं सोंग हाय ताई, इकायचं नसतंय.” मॅडमही भल्या, फोन नंबर ठेवून गेल्या.

पावसाळ्यात आईचा दमा बळावला. आई म्हणजे भागीबाई, मळ्यावरच्या कामाला एक नंबर. द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे असतात, एकेक घड मगात धरायचा आणि काढायचा. दिवसभर नाकातोंडात तोच वास. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे काम पुन्हा केलंत तर मला दाखवायलाही आणू नका. आई त्यांच्यासमोर “बरं” म्हणाली आणि बाहेर येऊन म्हणाली, “मंग काय, बसून खाऊ का?”

ते बाच्या मनाला फार लागलं. रात्रभर नाही झोपला. सकाळी माझ्या हातात फोन देऊन म्हणाला, “लाव त्या बाईला.” आमच्या पाड्यावर पिठाची गिरणी नाही. बाया डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरतात. घरात गिरणी टाकली की आई सावलीत बसून दळणं घेणार, मळ्यावर जायचं कामच नाही. एवढंच त्याच्या डोक्यात. त्या दिवसापासून गिरणी कुठे बसवायची, पट्टा कुठल्या बाजूला येईल, हे तो अंगणात काठीने आखून दाखवायला लागला.

पण सोंग असं उचलून देता येत नाही, गावाची परवानगी लागते. सावळीराम आजा आमच्याकडचा भगत, गावाच्या देवांचं सगळं तोच बघतो. त्याच्या ओट्यावर बैठकी झाल्या. कुणी म्हणालं, देव इकून पीठ खानार का? बाने कधी नव्हे ते पुढे बसून सगळ्यांना समजावलं. “काचंच्या पेटीत ठेवनार हायेत. आपल्याकडं उंदीर खात्यात, तिथं लोक बघाया येतील.” शेवटी सगळे कबूल झाले. मॅडमनी दिलेल्या विसारातून गावजेवण झालं. सावळीराम आजाने नदीवर नारळ फोडला, मुखवट्यातला देव पाण्यात सोडला आणि म्हणाला, आता हे निस्तं लाकूड. आई त्या दिवशी जेवली नाही.

विसारातले उरलेले पैसे घेऊन बा नाशिकला आला आणि मला न भेटताच परत गेला. रंग न्यायला आला होता, हे मला मागून कळलं. मुखवटा घेऊन आला तेव्हा सीबीएस स्टँडवर मी गाठोडं सोडायला हात घातला, तर माझ्या हातावर चापट मारली. “थांब की, मॅडमच्याच पुढ्यात सोडू.”

“का केलंत काका हे?” ऑफिसात मॅडमचा आवाज आता बारीक झाला होता.

“का म्हंजे? तुमी एवढे पैशे देताय. पोर सासरी लावायची तर फाटक्या लुगड्यात लावतंय का कोनी? लोक बघनार, म्हननार ह्यांच्या घरी काय नव्हतं का.”

मॅडमनी फोनवर कुणाला तरी फोटो पाठवले, मग बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. मला सगळं नाही कळलं, पण ‘सँडपेपर’ कळलं. फोन ठेवून त्या बाच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

“नुसता वरून रंग दिला असता ना, तर काढता आला असता. पण तुम्ही घासलंय. लाकडापर्यंत गेलंय. काका, तुमच्या आजोबांनी लावलेला रंग, मशालीचा धूर, आतलं ते काळं... पैसे त्याचेच होते.”

“आतलं काळं? ते तर घामाचं व्हतं.”

“हो.”

“माझ्या बापाचा घाम त्यो. आज्याचा. माझा पन आसंल.”

“हो काका. तोच.”

बाने टेबलावरच्या मुखवट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. बोटांच्या पेरांवर अजून लाल रंग होता.

“लय घासला वो मी,” तो म्हणाला. “जातच नव्हता.”

माझं टाळकंच सरकलं. “मग आधी सांगायचं ना तुम्ही! एका शब्दाने सांगायचं, हात लावू नका म्हणून. त्याला काय स्वप्न पडणार होतं?”

“सांगायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या डोक्यातच नाही आलं, की कुणी...” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं का बोलू, बाई वाईट नव्हती. पैसे तिचे नव्हतेच. ज्याचे होते, त्याला नवा रंग विकत घ्यायचा नव्हता. विसार परत मागणार नाही म्हणाल्या. वर आणखी म्हणाल्या की त्यांच्या ओळखीच्या कुणाचं हॉटेल होतंय, तिथे शोभेला कुठेतरी लागेल, पाच हजार मी मिळवून देते.

“कुठंतरी म्हंजे कुठं?” बाने विचारलं.

“ते त्यांचे तेच ठरवतील,” मॅडम म्हणाल्या. बाने लुगडं पसरलं, त्राटिका मधोमध ठेवली आणि गाठी मारायला लागला. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, “घे ना बा, पाच तर पाच! आईच्या औषधाला होतील.” त्याने ऐकलंच नाही. मॅडमना वाकून नमस्कार केला आणि गाठोडं काखेत मारून जिना उतरला.

मी रस्ताभर त्याला बोलले. एवढा कसला ताठा, घरात दाणा नाही आणि साहेबांना जागा पसंत नाही! बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. सीबीएसवर चहा घेतला, तो त्याच्या हातात गार झाला. पेठची गाडी लागली तेव्हा तो म्हणाला,

“पले, ती आधीच चांगली व्हती का गं?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“मंग मी एवढी वरीस तिला भिताडाकडं तोंड करून का ठेवली?”

गाडी सुटली. मी तिथेच बाकावर बसून रडले. एक बाई विचारायला लागली, पाकीट मारलं का, पाकीट मारलं का. काय सांगणार तिला.

आठवड्याने मी गावाला गेले. वाटलं होतं, विकली गेली नाही तर नाही, निदान वैशाखात बा नाचेल तरी. पण सावळीराम आजा ऐकेना. सोडलेला देव परत बोलावता येत नाही म्हणाला.

“मी नवऱ्याकडून कायमची परत आले, तेव्हा मला घरात घेतलंच की,” मी म्हटलं. “गावानेही घेतलं. मग तिला का नाही?”

“तू मानूस हायेस गं पोरी.” आज्याने डोळे पुसले. म्हाताऱ्यालाही वाईट वाटत होतं. “तिची पाळी आली की मी संबळ वाजवाया लावीन. कोनी येनार नाय, तरी वाजवाया लावीन. याच्या फुडं माला काय करता येत नाय.”

देव्हाऱ्याच्या भिंतीवर तिला आता जागा नव्हती. बाने ती कणगीमागे ठेवली. अंगणातल्या गिरणीच्या रेघा आईने शेणाने सारवून टाकल्या. दिवाळी झाली. मजूर न्यायला मुकादमाची पिकअप आली. मी आईला म्हटलं, नाशिकला माझ्या खोलीवर राहा. तर म्हणाली, “आन तुझ्या बाला भाकर कोन घालील?” चढताना तिला दम लागला, तेव्हा मागून बाने हात दिला. त्याच्या दुसऱ्या काखेत ते गाठोडं होतं. घर बंद राहणार, वाळवी लागेल, म्हणून बरोबर घेतलं म्हणाला.

पुढे दुकानात सुट्टी मिळेना. माघात मिळाली, तेव्हा खोबरं-लसणाची चटणी आणि आईचा दम्याचा पंप घेऊन मी दिंडोरीच्या पुढच्या त्या मळ्यावर गेले. फाट्यावरून चालत निघाले आणि लांबूनच काहीतरी लाल दिसलं. जवळ गेले तर मळ्याच्या तोंडाशी, उंच बांबूवर, त्राटिका. रस्त्याकडे सुळे काढून बघत होती. बांबूच्या खाली काळी बाहुली, फाटकी चप्पल आणि लिंबू-मिरच्या. नजर लागू नये म्हणून मळेवाले टांगतात तसं.

मी ताडताड आत गेले. बा वेलींच्या रांगेत होता. आई कुठे दिसेना. मनात नाही नाही ते आलं. तेवढ्यात शेडमधून हाक आली, “आगं पले, हिकडं!”

आई शेडमध्ये पोत्यावर बसली होती. समोर द्राक्षांचे क्रेट, हातात छोटी कात्री. तिचा चेहरा मागच्या वर्षापेक्षा बरा दिसत होता.

“तू आत कशी?” मी विचारलं. “आणि ती तिकडे काय करते?”

आईने एका घडातले खराब मणी कापले, घड नीट ठेवला आणि मग सांगितलं.

“आल्या दिवशीच मालकानं गाठोडं बघितलं, सोडाया लावलं. माला वाटलं आता बोलतोय. तर म्हनतो कसा, ‘आरं देवराम, रंग काय झकास बसलाय! ही आपल्या मळ्याला पायजे, कोनाची नजर टिकायची नाय. किती घेशील बोल.’”

“मग?”

“तुझा बा म्हनला, पैशे नको. ह्या बाईला औषधात हात घालाया लावू नका, सावलीतलं काम द्या. मालक म्हनला, ठीक हाय, ह्या सीझनला दिलं.” आईने पुढचा घड घेतला. “हजेरी पयल्याएवढीच धरतोय. तवापास्नं मी घडांना गुंडाळायचे पेपर मोजीत व्हते, च्या करीत व्हते. माल सुरू झाला तशी इथं बसले.”

“पुढच्या वर्षी?”

“फुडचं फुडं.”

दीड लाखाची होती आमची त्राटिका. मग पाच हजारांची झाली. आणि शेवटी तिच्या बदल्यात काय आलं, तर आईला एका हंगामाची सावली. मला राग यायला हवा होता. पण आई बोलत होती आणि मधे तिला एकदाही दम लागला नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग राग कुणावर धरायचा तेच कळेना.

दुपारची सुट्टी झाली. बा हात धुऊन आला, मला बघून हसला, “कवा आलीस?” म्हणाला. बाकीचे मजूर लिंबाखाली भाकरी सोडून बसले. आई मात्र बसली नाही. शेडच्या कोपऱ्यातली लांब काठी घेतली, डोक्याचा रुमाल सोडला आणि उन्हात निघाली. मी मागे गेले.

ऊन मी म्हणत होतं. जवळून पाहिलं तर त्राटिकेच्या नाकावरचा रंग फुगला होता, एका गालावरून पापुद्रे सुटले होते. आईने काठीच्या टोकावर रुमाल घेतला, हात उंचावला आणि दोनदा चुकल्यावर तो तिच्या तोंडावरून नीट पांघरला.

“सकाळधरनं उन्हात हाय बिचारी,” ती म्हणाली.

“मालक ओरडत नाही?”

“त्यो जेवाया घरी जातोय.”

आम्ही परत येऊन जेवलो. बाने चटणी मागून घेतली, पंचवटीत पाणी येतं का विचारलं. तिकडे त्याने एकदाही बघितलं नाही. जेवण झाल्यावर आईने हात पुसले, काठी घेतली आणि मालकाची मोटरसायकल यायच्या आत रुमाल काढून आणला. तो डोक्याला बांधला आणि पुन्हा घड निवडायला बसली.